पाच मिनिटांची कुदळ

डोके दुखते म्हणून कुणी रजेचा अर्ज दिला, की आम्ही बँकेतले लोक गालातल्या गालात हसत असू. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये दिसतो. डोकेदुखीला मात्र व्हाउचर नसते. नोकरीत असताना असे अनेक अर्ज माझ्या टेबलावर आले. काहींवर मी सही केली, काहींवर नाही. पण विश्वास एकावरही ठेवला नाही.

आमच्या शाखेत एक बाई होत्या. कामाला चोख. महिन्यातून दोन-तीन वेळा त्यांचे अर्धे डोके उठायचे. एका मार्च क्लोजिंगला त्यांनी दुपारी घरी जाऊ देण्याची विनंती केली आणि मी ती नाकारली. त्या रात्री नऊपर्यंत कपाळाला रुमाल करकचून बांधून त्या लेजरवर वाकून बसल्या होत्या. आकडे बरोबर जुळले. मी त्यांचे आभारही मानले. आपण काय केले हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

निवृत्त होऊन रिसोडला स्थिरावल्यावर मुलाने पळण्याचे बूट आणून दिले आणि मोबाइलमध्ये पावले मोजायची सोय करून दिली. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असा त्याचा दंडक. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून जगभर पसरला, हे मला फार उशिरा कळले. मी आपला बँकेतल्या उद्दिष्टासारखा तो पाळायला निघालो. उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता, लोणारच्या रस्त्याने झपाझप. ऊन चढायच्या आत परतायचे ठरवायचो आणि ऊन चढल्यावर परतायचो. आठवडाभरातच ते सुरू झाले. चालायला लागून पंधरा-वीस मिनिटे झाली, की उजव्या कानशिलावर कुणीतरी आतून ठोके देतो आहे असे वाटे. घरी येईपर्यंत अर्धे डोके त्याच्या ताब्यात जाई. उजेड नको, आवाज नको, स्वयंपाकघरातला फोडणीचा वास नको. सौ. खिडकीचा पडदा ओढून घेई आणि मी दुपारपर्यंत पडून राही.

पहिल्यांदा मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग चालायला निघण्याआधीच गोळी घेऊ लागलो. शेवटी चालणेच सोडले आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसलो. डोके शांत झाले. पण चार महिन्यांत पोट सुटले, साखर वाढली, जिना चढताना धाप लागू लागली. तेव्हा वाशीमच्या एका डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी घाबरवले आणि मग समजावले. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच व्यायामाने डोके दुखू लागले तर ते अंगावर काढू नये, म्हणाले. एकाएकी वीज कोसळावी तशी कळ आली, मान ताठ झाली, दोन-दोन दिसू लागले, शुद्ध हरपली, तर तडक दवाखाना गाठायचा. चालताना दुखते आणि थांबल्यावर ओसरते, अशी डोकेदुखी कधी कधी हृदयाच्या दुखण्याची खूण असते. म्हणून त्यांनी रक्तदाब, हृदय, मेंदूचा स्कॅन असे सगळे पाहून घेतले. सुदैवाने कुठे काही निघाले नाही. निघाली ती साधी अर्धशिशी. तरुणपणी अधूनमधून डोकावणारी आणि आता उपास, ऊन व घाईची चाल यांनी चाळवलेली. गोळ्यांचेही त्यांनी वेगळे सांगितले. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस घेत राहिले, तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी मागे लागते.

आणि मग ते म्हणाले, चालायला लागा. मला वाटले, ते थट्टा करताहेत. तेव्हा त्यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका अभ्यासाची हकीकत सांगितली. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटांचा बेताचा व्यायाम करणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांना, नेहमीचे प्रतिबंधक औषध घेणाऱ्यांइतकाच झटक्यांच्या संख्येत उतार पडला होता. म्हणजे एकदम अंगावर घेतलेला व्यायाम डोके उठवतो आणि हळूहळू मुरलेला व्यायाम तेच डोके शांत ठेवतो. बुद्धीला पटले. पाय मात्र उंबऱ्याबाहेर पडेनात. एकदा भाजलेला माणूस चुलीजवळ कसा जाईल?

त्या दिवसांत वाचनालयातून आणलेले विनोबांचे चरित्र वाचत होतो. शाळेच्या सहलीत पवनारला गेलो असताना मी त्यांना लांबून पाहिले होते. धाम नदीचा खडकाळ काठ, टेकडीवरचा आश्रम आणि डोक्यावर हिरवी टोपी घातलेला दाढीवाला कृश म्हातारा, एवढेच आठवते. आमच्या विदर्भात विनोबा म्हटले की गीताई, भूदान आणि पवनार. या माणसाच्या डोक्याविषयी मी कधी विचार केला नव्हता. पण वाचता वाचता एका ओळीवर थबकलो. विनोबांचे लहानपणी डोके दुखत असे, आणि फार दुखत असे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडमधल्या गागोद्याचा. आई रुक्मिणीबाई भाविक, संतांची पदे गाणारी. वडील नरहरपंत बडोद्याला नोकरीत, शास्त्रीय वृत्तीचे, रंगांच्या प्रयोगांत रमणारे. विन्या अंगाने किरकोळ. दहा-बारा वर्षांच्या वयात त्याने मनाशी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि त्यापाठोपाठ पायात वहाण घालायची नाही, गादीवर निजायचे नाही असे नियमही घेतले. बडोद्याच्या रणरणत्या उन्हात हा मुलगा मैलोगणती अनवाणी भटकायचा. डोळे त्यातच अधू झाले, असे चरित्रकार नोंदवतात.

डोके दुखू लागले की हा मुलगा काय करी? दुखते आहे ते डोके म्हणजे मी नव्हे, असे तो मनाला निक्षून बजावत राही. कळ असह्य झाली की आणखी ठासून. देह वेगळा आणि आपण वेगळे, हा गीतेतला धडा त्याने पुस्तकात पुरता समजण्याआधी कानशिलावर गिरवला. त्याचा आपल्याला फार उपयोग झाला, असे विनोबांनी पुढे सांगितले आहे.

हे वाचून मला त्या मुलाचे कौतुक वाटले आणि थोडी भीतीही वाटली. दुखणाऱ्या डोक्याला परके ठरवून चालत राहणे ही ज्याची त्याची साधना असेल. पण औषधाचा कागद म्हणून ती वापरता येणार नाही. माझ्यासारख्याने ती वापरली तर एखाद दिवशी रस्त्यातच आडवे व्हायचे. विनोबांना अर्धशिशी होती असा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. मला उत्सुकता होती ती वेगळीच. देहाला असे दूर सारणारा हा मुलगा पुढे त्याच देहाकडून एवढे काम कसे करून घेऊ शकला?

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला विनायक सुरतेला उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. त्याआधी शाळा-कॉलेजातली प्रमाणपत्रे त्याने आईदेखत चुलीत घातली होती. काशीत अन्नछत्रात जेवून, संस्कृत शिकत त्याने काही आठवडे काढले आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरबच्या आश्रमात गांधीजींपुढे उभा राहिला. गांधीजींनी त्याला आपल्याबरोबर भाजी चिरायला बसवले. हा अबोल मुलगा तिथल्या कष्टांत असा बुडाला, की वर्षभरात प्रकृती ढासळली. १९१७ साली एक वर्षाची रजा घेऊन तो वाईला गेला आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकू लागला.

या रजेचा हिशेब त्याने फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधीजींना पत्राने कळवला. एखाद्या चोख कारकुनाने ताळेबंद द्यावा तसे ते पत्र आहे. अभ्यासाबरोबर त्यात तब्येतीचाही हिशेब आहे. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर धान्य दळणे, आणि पत्र लिहिताना तीनशे सूर्यनमस्कार व फिरणे. याने प्रकृती सुधारली, असे त्यात नमूद आहे. शिवाय पाच जिल्ह्यांतून चारशे मैलांचा पायी प्रवास आणि वाटेत राजगड, सिंहगड, तोरणा. वय वर्षे बावीस. वर्ष भरले त्याच दिवशी तो आश्रमात परत हजर झाला.

तीनशे नमस्कारांचा आकडा वाचून मी पुस्तक मिटले होते. हा माझा माणूस नव्हे, असे वाटले. पण कथेला पुढे वळण आहे.

१९२१ साली विनोबा वर्ध्याला आले आणि पुढची वर्षे विदर्भातच रुजले. १९३०-३१ मध्ये गीताई झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवरची प्रवचने झाली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली. मग वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी सूत कातून मिळणाऱ्या मजुरीतच जगण्याचा प्रयोग मांडला. दिवसाचे कित्येक तास चरखा, वर शिकवणे, गावांचे काम, आणि आहार तुटपुंजा. देह म्हणजे मी नव्हे हा धडा इथे त्यांच्यावरच उलटला. १९३८ च्या सुरुवातीला वजन ८८ पौंडांवर आले. म्हणजे चाळीस किलो. वय बेचाळीस.

गांधीजींना कळले तेव्हा त्यांनी विनोबांना बोलावून चांगलेच सुनावले. सेवाग्रामला माझ्या देखरेखीखाली या, नाहीतर हवापालटाला कुठे तरी जा. विनोबांनी जागा निवडली ती थंड हवेची नव्हे. वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवर पवनारला, धाम नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. तिथे जाईन म्हणाले. गांधीजींची अट एकच होती. कामाची आणि काळजीची सगळी ओझी अलीकडेच ठेवून जायचे.

मार्च १९३८ मध्ये धाम नदीचा पूल ओलांडताना विनोबांनी मनोमन सगळ्याचा संन्यास घेतला. आश्रमाचा नाही, संस्थेचा नाही, कुणाच्या प्रश्नाचा नाही, कसलाच विचार करायचा नाही. धामच्या पलीकडे म्हणून त्या जागेला त्यांनी परंधाम नाव दिले. आणि तिथे या माणसाने हाती कुदळ घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी शेतात फक्त पाच मिनिटे खणले.

तीनशे नमस्कार घालणारा, चारशे मैल चालणारा माणूस पाच मिनिटांवर थांबला. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. खणता खणता मध्येच थांबायचे, क्षणभर उसंत घ्यायची आणि पुन्हा कुदळ उचलायची. असे करत ते दोन तासांपर्यंत गेले. वर्षाच्या आत वजन ८८ पौंडांवरून १२८ पौंडांवर पोचले. चाळीस पौंड!

मी बँकेतला माणूस. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाच मिनिटांनी सुरुवात करून रोज दोन मिनिटे वाढवली, तर दोन तास व्हायला दोन महिने पुरतात. रिकरिंग डिपॉझिटच की हे! आम्ही ग्राहकांना हेच सांगत आलो. रक्कम छोटी असू द्या, हप्ता चुकवू नका. स्वतःच्या देहाच्या खात्यात मात्र मी पहिल्याच दिवशी दहा हजार भरायला निघालो होतो.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही गोष्ट ठाऊक होती. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची मर्यादा घातली आहे ती अर्ध्या शक्तीची. तीसुद्धा बळकट आणि चांगले खाणाऱ्या माणसाला, थंडीच्या व वसंताच्या दिवसांत. इतर ऋतूंत त्याहून कमी. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात किती कमी, याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

पवनारच्या त्या खणण्याने आणखी एक गोष्ट वर आणली. पवनार हे वाकाटकांच्या काळातले जुने ठिकाण. त्या घराण्याची दुसरी शाखा आमच्या वाशीमला, तेव्हाच्या वत्सगुल्मला नांदत होती. शेत खणताना विनोबांना राम आणि भरत यांच्या भेटीचे एक प्राचीन शिल्प सापडले. सहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या प्रवचनात त्यांनी या भेटीचे चित्र कसे काढावे याची कल्पना मांडली होती. ते चित्र पवनारच्या मातीत आधीच कोरून ठेवलेले होते. मोठ्या ध्येयाने झपाटून खणणाऱ्याला ते सापडले नाही. काहीच मिळवायचे नाही असे ठरवून, प्रकृतीसाठी, बेताने खणणाऱ्याला सापडले. आजही ते आश्रमात आहे.

या कमावलेल्या देहावर पुढचा विनोबा उभा राहिला. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडले. मार्च १९५१ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झाले. त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी दिल्लीला बोलावले, तेव्हा विमान नाकारून ते पवनारहून चालत गेले. सुमारे आठशे मैल, दोन महिन्यांत. दिवसाला सरासरी तेरा मैल पडले. १९६४ मध्ये पवनारला परत येईपर्यंत तेरा वर्षे हे चालणे चालू होते, आणि तेही पोटात अल्सर घेऊन.

ते कसे चालत, हे मी आता वेगळ्या नजरेने वाचले. पहाटे तीन-चारला कंदील घेऊन निघायचे, म्हणजे ऊन तापण्याआधी मुक्काम गाठता येई. खाणे एकदम नाही. दूध-दही थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. डोळ्यांवर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून ती हिरवी टोपी. सहलीत मला गंमत वाटली होती तीच. चाल एका लयीत. आणि चालणे रोजचे; एक दिवस वीस मैल आणि मग चार दिवस आडवे, असे नाही. हे सारे त्यांनी काही डोकेदुखीवर उपाय म्हणून केले नव्हते. पण वाशीमच्या डॉक्टरांनी मला लिहून दिलेला कागद मी शेजारी ठेवून पाहिला. उपाशी निघू नका. पाणी प्या. उन्हाच्या आधी चाला. डोळ्यांवर सावली ठेवा. सुरुवात सावकाश करा. खंड पाडू नका. झोप ठरल्या वेळी घ्या. त्यातले बहुतेक सगळे त्या पदयात्रेत होते.

त्यांच्यातला हट्टी मुलगा मात्र पुरता गेला नव्हता. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात, म्हणजे आताच्या झारखंडमधल्या चांडिल येथे त्यांना मलेरियाने गाठले. ताप डोक्यात जाण्यापर्यंत वेळ आली, तरी औषध घ्यायला ते तयार नव्हते. देशभरातून विनवण्या झाल्या. शेवटी मोठ्यांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी औषध घेतले, ताप उतरला, आणि त्यानंतर अकरा वर्षे ते चालले. त्या वेळी त्यांनी हट्ट धरला असता, तर भूदान तिथेच थांबले असते. देह म्हणजे मी नव्हे हे खरे असेल. पण चालायचे ते याच देहाने, हेही तितकेच खरे. विनोबांचे मोठेपण मला पहिल्या वाक्यापेक्षा या दुसऱ्यात अधिक दिसते. शेवटी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, काम संपले असे वाटल्यावर त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवले. १५ तारखेला, ऐन दिवाळीत, पवनारलाच त्यांनी देह ठेवला. तोवर त्यांनी त्या देहाचे सगळे देणे फेडले होते.

मी पाच मिनिटांनी सुरुवात केली. आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेजारी विचारत, एवढ्यात आलात? मुलगा फोनवर हसला. निघण्याआधी दोन खजूर आणि पेलाभर पाणी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि घड्याळ. मोबाइल घरी. पहिल्या आठवड्यात एकदा ठोके सुरू झाले, तेव्हा रस्त्याकडेच्या निंबाखाली सरळ बसून राहिलो. त्या डोक्याला परके म्हटले नाही आणि त्याला भ्यायलोही नाही. ओसरल्यावर सावकाश घरी आलो. दुसऱ्या दिवशी वेळ वाढवला नाही, पण निघालो. आज वर्ष झाले. पाऊण तास चालतो. दुतर्फा सोयाबीन आणि तूर, समोर तांबडे फुटत असते. झटका अजूनही येतो. दीड-दोन महिन्यांतून एखादा. त्याची नोंद वहीत करतो. बहुतेक वेळा आदल्या रात्रीचे जागरण किंवा चुकलेले जेवण त्याच ओळीत सापडते.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मी एक फोन नंबर लिहून ठेवला होता, आमच्या शाखेतल्या त्या बाईंचा. लावायचा धीर होत नव्हता. परवा लावला. त्याही आता निवृत्त आहेत, नातवंडांत रमल्या आहेत. त्या मार्च क्लोजिंगच्या रात्रीबद्दल मी क्षमा मागितली. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, साहेब, निघण्याआधी काही खाऊन निघता ना?